जिन्यातील घुमारा : एका रॉक ध्वनिमुद्रिकेतील ड्रमचा नाद आणि गीतरचना

नादाची तीन अंगे मानण्याचा प्रघात संगीताच्या अभ्यासात आहे : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. ह्यांपैकी पहिले अंग स्वरलेखनात उतरते. दुसरे काही प्रमाणात खुणांनी दाखविता येते. तिसरे मात्र कागदावर येत नाही. एकच चीज सारंगीवर वाजली की सनईवर, हे ओळखू येते ते ह्या तिसऱ्या अंगामुळेच. तथापि चिजेचे विवेचन करताना नादाची जाती बहुधा वाद्याच्या नावापुरती नोंदली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. ध्वनिमुद्रणाचा प्रसार झाल्यानंतर ही पद्धत पुरेशी राहिलेली नाही. काही कृतींत नादाची जाती हाच रचनेचा घटक झालेला असतो आणि तो वगळल्यास कृतीचा निम्मा अर्थ हातातून निसटतो. प्रस्तुत लेखात अशाच एका कृतीचा विचार करावयाचा आहे.

लेड झेपलिन ह्या इंग्लिश रॉक-वृंदाची चौथी दीर्घ ध्वनिमुद्रिका ८ नोव्हेंबर १९७१ रोजी अटलांटिक कंपनीने प्रसिद्ध केली. तिला जाणूनबुजून नाव देण्यात आले नव्हते. चार कलावंतांच्या चार चिन्हांनी ती ओळखली जावी अशी योजना होती. श्रोते तिला ‘लेड झेपलिन फोर’ म्हणू लागले. वृंदात गिटारवादक व निर्माते जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बेस गिटार व कळफलकाची वाद्ये वाजविणारे जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवादक जॉन बॉनम (१९४८–१९८०) असे चौघे होते. ह्या ध्वनिमुद्रिकेत आठ गीते आहेत. त्यांतील शेवटचे गीत, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, ड्रमच्या नादासाठी विशेष प्रसिद्ध आहे. हा नाद कसा निर्माण झाला आणि त्याने गीतांच्या रचनेत कोणते कार्य केले, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, असे ह्या विवेचनाचे सूत्र आहे.

१. चर्मवाद्याचा नाद

प्रथम वाद्याचाच विचार करणे अवश्य आहे. ताणलेल्या तारेचे सहस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटींत असतात. म्हणून तार सुरेल वाटते. ताणलेल्या वर्तुळाकार पटलाचे तसे नाही. आदर्श पटलाचे वरचे कंप मूळ कंपाच्या सुमारे १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा पटींत येतात. ह्या संख्या एकमेकींशी सुसंवादी नसल्यामुळे कानाला निश्चित स्वर सापडत नाही. ऐकू येतो तो आघात आणि त्यामागून येणारा संमिश्र घोष. प्रत्यक्ष ढोलात आतील हवा आणि दुसऱ्या बाजूचे पटल ह्यांमुळे हे आकडे थोडे बदलतात, पण मूळ स्थिती तीच राहते.

भारतीय वादकांनी ह्या अडचणीवर पुडीवरील शाईच्या योजनेने मात केली. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्र निबंधात हे दाखवून दिले की, मध्यभागी वजन दिलेल्या मृदंग-तबल्याच्या पटलाचे कंप पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि त्यामुळे ह्या वाद्यांना स्वर लाभतो. पाश्चात्त्य ड्रमला शाई नाही. त्याला स्वर नाही असे म्हणण्यापेक्षा त्याचा स्वर अनिश्चित आहे, असे म्हणणे अधिक योग्य. ह्या भेदाचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. तबल्याच्या नादाचे वैशिष्ट्य बव्हंशी पुडीतच सिद्ध झालेले असते. ड्रमच्या बाबतीत मात्र आघातानंतर त्या अनिश्चित घोषाचे काय होते, तो किती टिकतो, कोणत्या भिंतींवरून परततो, ह्यावर त्याचे व्यक्तित्व फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. ड्रमला आपला घुमारा बाहेरून मिळवावा लागतो.

२. जागा, अंतर आणि यंत्र

ह्या ध्वनिमुद्रिकेच्या कामास डिसेंबर १९७० मध्ये लंडनमधील आयलंड स्टुडिओत आरंभ झाला. त्यानंतर वृंद हॅम्पशर परगण्यातील हेडली ग्रेंज ह्या जुन्या वास्तूत राहावयास गेला. ही तीन मजली इमारत १७९५ साली निर्धन, दुर्बल व अनाथ लोकांसाठी श्रमगृह म्हणून बांधली गेली होती. १८३० च्या शेतमजुरांच्या दंग्यात तिच्यावर हल्लाही झाला होता. रोलिंग स्टोन्स ह्या दुसऱ्या इंग्लिश वृंदाचा फिरता ध्वनिमुद्रणकक्ष, म्हणजे यंत्रसामग्रीने सज्ज असलेली मोटारगाडी, इमारतीबाहेर उभी करण्यात आली आणि तारा आत नेण्यात आल्या. ध्वनिमुद्रणाची तांत्रिक बाजू अँडी जॉन्स यांच्याकडे होती.

त्या काळी व्यावसायिक स्टुडिओत ड्रमचे मुद्रण बहुधा ह्याच्या उलट दिशेने चालले होते. ड्रम लहान, शोषक भिंतींच्या खोलीत ठेवावा, पटलांवर कापड अथवा चिकटपट्टी लावून त्यांची आस कमी करावी आणि प्रत्येक ड्रमजवळ वेगळा माइक लावावा, अशी ही रीत होती. तिच्यामुळे प्रत्येक ठोका स्वच्छ व स्वतंत्र मिळतो आणि मागाहून त्याचा मेळ घालणे सोपे जाते. पण वाद्य ज्या हवेत वाजते ती हवा मुद्रणातून नाहीशी होते.

हेडली ग्रेंज येथे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ साठी बॉनम यांचा लुडविग बनावटीचा ड्रम-संच जिन्याच्या तळाशी असलेल्या उंच दिवाणखान्यात मांडण्यात आला. त्यांचा बेस ड्रम २६ इंच व्यासाचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठा असे. पटले बरीच ताणलेली आणि फारशी न दाबलेली असत. माइक ड्रमपाशी न ठेवता वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडण्यात आले. बायरडायनॅमिक कंपनीचे एम १६० जातीचे, धातूच्या पातळ फितीवर चालणारे दोन माइक, एवढीच ही सामग्री होती. बेस ड्रमसाठी स्वतंत्र माइक नव्हता. ह्या योजनेची मूळ कल्पना कोणाची, ह्याविषयी पेज आणि अँडी जॉन्स यांच्या हकिकतींत एकवाक्यता नाही. परिणामाविषयी मात्र दुमत नाही.

अंतराचा परिणाम साध्या गणिताने समजतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर आहे. माइक सहा मीटर दूर असेल तर थेट ध्वनी सुमारे १८ सहस्रांश सेकंदांनी पोचतो, आणि त्याच्या पाठोपाठ भिंती, फरशी व जिन्याच्या पायऱ्या ह्यांवरून परावर्तित झालेल्या लहरी पोचतात. दूरच्या माइकला थेट ध्वनी क्षीण आणि परावर्तित ध्वनी तुलनेने प्रबळ मिळतो. म्हणजे माइक ड्रम ऐकत नाही; तो ड्रमने भरलेली वास्तू ऐकतो.

ह्यानंतर यंत्राचा भाग येतो. माइकमधून आलेला ध्वनी कंप्रेसर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रातून नेण्यात आला. मोठा आवाज आला की हे यंत्र पातळी खाली दाबते आणि आवाज ओसरला की ती पुन्हा सोडते. साहजिकच आघाताचे टोक बसते आणि मागची आस उचलली जाते. प्रत्येक ठोक्यानंतर नाद ओसरण्याऐवजी फुगत असल्याचा जो भास ह्या गीतात होतो त्याचे कारण हेच. त्यात बिन्सन कंपनीच्या इकोरेक यंत्राने दिलेला प्रतिध्वनी मिसळलेला आहे. शिवाय गीत प्रथम अधिक वेगाने मुद्रित करून नंतर फीत मंद गतीने चालविण्यात आली. फीत मंद केली की लय आणि उच्चता दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात; सुमारे सहा टक्के वेग कमी केल्यास स्वर साधारणपणे अर्ध्या स्वराने खाली येतो. माउथ ऑर्गन व गिटार ह्यांच्या नादातील जडपणा त्यातून आला आहे.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे : हे सर्व यंत्राचेच कर्तृत्व असेल तर वादकाचे श्रेय कोणते? त्याचे उत्तर असे की, दोन दूरच्या माइकांवर केलेल्या मुद्रणात मागाहून दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते. स्नेअर ड्रम कमी ऐकू आला म्हणून एकटा तेवढाच वाढविता येत नाही. पायाने वाजणारा बेस ड्रम, हाताने वाजणारा स्नेअर आणि झांजा ह्यांचे परस्परप्रमाण वादकाने स्वतःच वाजविताना साधावे लागते. मैफलीत तबलजी डग्गा आणि चाट ह्यांचा तोल बोटांनी सांभाळतो, तद्वतच हे आहे. यंत्राने वास्तूचा घुमारा वाढविला; तोल मात्र बॉनम यांचा आहे.

३. लय आणि अवकाश

हा नाद ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ मध्येच का शोभला, ह्याचे उत्तर लयीत आहे. गीताची गती मिनिटास सुमारे ७२ मात्रांची आहे. म्हणजे दोन मात्रांमध्ये जवळपास ०.८३ सेकंदांचे अंतर पडते. ठेका साधा आहे. आवर्तनाच्या आरंभी बेस ड्रमचे लागोपाठ दोन ठोके, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअरचा प्रहार, आणि मध्यंतरी बेस ड्रमचे मात्रेला किंचित चुकवून पडणारे ठोके. ठोक्यांची संख्या इतकी थोडी असल्यामुळे प्रत्येकाची आस पूर्णपणे ऐकू येण्यास अवकाश मिळतो. विलंबित ख्यालात दोन स्वरांमधील मोकळ्या जागेत तंबोऱ्याचा नाद उमटतो. येथे दोन ठोक्यांमधील जागेत वास्तू उमटते.

ह्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘रॉक अँड रोल’ ह्या गीताशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. त्याची गती मिनिटास सुमारे १७० मात्रांची आहे. जिन्यातील एवढी लांब आस तेथे आणली असती तर एका ठोक्याचा शेष दुसऱ्यावर पडून सर्वच अस्पष्ट झाले असते. हे गीत वृंद दुसऱ्याच गीतावर काम करीत असता अकस्मात उद्भवले. बॉनम यांनी लिटल रिचर्ड यांच्या १९५७ सालच्या ‘कीप अ-नॉकिन’ ह्या गीतातील ड्रमचा आरंभ वाजविण्यास सुरुवात केली आणि पेज यांनी त्यावर गिटार धरली. हा आरंभ समेवर नसून समेपूर्वीच्या मात्रांतून उचललेला आहे. त्यामुळे प्रथम ऐकणाऱ्याची सम चुकते आणि गिटार येताच ती जागेवर बसते. तेथे चातुर्य काळाच्या खेळात आहे, नादाच्या विस्तारात नाही.

‘ब्लॅक डॉग’ मध्ये तिसरा प्रकार आढळतो. जोन्स यांनी रचलेली गिटारची ओळ मात्रांच्या चौकटीला चुकवीत वळसे घेते. बॉनम तिच्यामागे न धावता आपला सरळ ठेका पुष्कळ ठिकाणी कायम ठेवतात. गायकाच्या एकट्या ओळीनंतर सर्व वाद्ये एकदम परत येतात, आणि त्यापूर्वी लय धरण्यासाठी काठ्यांचा हलका आवाज लक्षपूर्वक ऐकल्यास कानी पडतो.

‘फोर स्टिक्स’ ह्या गीताचे नावच वादनपद्धतीवरून पडले आहे. बॉनम यांनी प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या घेऊन ते वाजविले. त्यात पाच व सहा मात्रांचे गट आलटून पालटून येतात. झपताल व दादरा ह्यांशी परिचित असलेल्या श्रोत्याला पाच आणि सहा ह्या संख्या नव्या नाहीत, परंतु त्यांचे असे मिश्रण ठेक्याच्या नियमित आवर्तनात बसणारे नव्हे. ह्या गीताचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आला. ऑक्टोबर १९७२ मध्ये पेज व प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांच्या साहाय्याने ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गीते पुन्हा मुद्रित केली. हे मुद्रण २०१५ मध्ये ‘कोडा’ ह्या संग्रहाच्या विस्तारित आवृत्तीत प्रसिद्ध झाले. त्यात बॉनम नाहीत. त्यांच्या जागी भारतीय तालवाद्ये आहेत. रचना ओळखू येते, पण तिचा स्वभाव बदलतो. मूळ मुद्रणातील काठ्यांचा कोरडा, दाट गजर जाऊन बोलांचे स्वरयुक्त विणकाम त्याच्या जागी येते. ध्वनीची जाती बदलली की कृतीही बदलते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. मौनाची योजना

ड्रमचा परिणाम त्याच्या अनुपस्थितीवरही अवलंबून असतो. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंची मांडणी पाहता ही गोष्ट चटकन लक्षात येते. पहिल्या बाजूस ‘ब्लॅक डॉग’ व ‘रॉक अँड रोल’ ही ड्रमप्रधान गीते आहेत. त्यांच्या मागून मेंडोलिनवर आधारलेले ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’ येते. त्यात प्लँट यांच्यासह सँडी डेनी यांचा आवाज आहे, ड्रम नाही. नंतर ‘स्टेअरवे टु हेवन’. आठ मिनिटांच्या ह्या गीतात ड्रम चार मिनिटे उलटून गेल्यावरच प्रवेश करतो. अशा रीतीने पहिल्या बाजूवर सुमारे दहा मिनिटे श्रोता ड्रमविना राहतो. जेव्हा ठेका येतो तेव्हा गती फारशी वाढलेली नसूनही गीताने पाऊल टाकल्याचा प्रत्यय येतो.

दुसऱ्या बाजूवर हाच क्रम पुन्हा दिसतो : ‘मिस्टी माउंटन हॉप’ व ‘फोर स्टिक्स’ ही दोन ड्रमयुक्त गीते, मग ड्रमविरहित ‘गोइंग टु कॅलिफोर्निया’, आणि अखेरीस दीर्घ गीत. मात्र पहिल्या बाजूच्या दीर्घ गीतात ड्रम सर्वांच्या शेवटी येतो, तर दुसऱ्या बाजूच्या दीर्घ गीतात तो सर्वांच्या आधी, एकटाच येतो. नाजूक, जवळून मुद्रित केलेल्या गिटार-मेंडोलिनच्या गीतानंतर जिन्यातील तो घोष ऐकू येतो, तेव्हा श्रोत्याला खोलीतून एकदम विस्तीर्ण आणि रित्या वास्तूत आल्यासारखे वाटते. ह्या संक्रमणाचा अनुभव गीत सुटे ऐकणाऱ्यास मिळत नाही.

५. गीताचा अर्थ

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे मूळ गीत लेड झेपलिनचे नव्हे. कॅन्सस जो मकॉय व मेम्फिस मिनी ह्या कृष्णवर्णीय दांपत्याने ते १९२९ साली कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केले. १९२७ च्या वसंत ऋतूत मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराची पार्श्वभूमी त्याला आहे. त्या पुरात ठिकठिकाणी बांध फुटले; सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मजुरांना बंदुकीच्या धाकाखाली बांधांवर राबविण्यात आले आणि नंतर त्याच बांधांवरील छावण्यांतून त्यांना बाहेर पडू दिले गेले नाही.

१९२९ च्या मुद्रणात दोन गिटारी आणि एक आवाज, एवढेच आहे. गिटारीची चाल हलकी व चपळ आहे; आपत्ती सांगणारा माणूस श्रोत्याच्या समोर बसून सांगत असावा अशी तिची जवळीक आहे. संकटाचा भार शब्दांत आहे, नादात नाही. १९७१ च्या मुद्रणात हे प्रमाण उलटे होते. शब्दांचा बराच भाग जुन्या गीतातून आलेला असला तरी ते अर्धवट ऐकू येतात. भार वाहतो तो ड्रम. न थांबणारा, न बदलणारा ठेका, त्याच्या भोवतालचा घुमणारा अवकाश आणि त्यात खाली ओढले गेलेले माउथ ऑर्गनचे सूर ह्यांतून, ज्यातून बाहेर पडता येत नाही अशा स्थळाचा प्रत्यय निर्माण होतो. ड्रम म्हणजे पूर, असे सरळ समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. एवढेच म्हणता येईल की मूळ गीतात जी गोष्ट सांगितली जाते तिचे येथे स्थळ झाले आहे. ‘कोडा’ च्या २०१५ सालच्या त्याच आवृत्तीत ह्या गीताचा एक पूर्वीचा प्रयत्नही समाविष्ट आहे. त्यात जिन्याचा घुमारा नाही. गीत तेच असूनही अंतिम रूपातील भार तेथे जाणवत नाही, हे दोन्ही लागोपाठ ऐकल्यास कळून येते.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ सौंदर्यविचाराचा नाही. ध्वनिमुद्रिकेवर ह्या गीताचे कर्ते म्हणून वृंदातील चौघे आणि मेम्फिस मिनी यांची नावे आहेत. १९२९ मध्ये ते प्रत्यक्ष गाणाऱ्या मकॉय यांचे नाव तीत नाही. माइकची जागा व यंत्रांची योजना हाताळणारे अँडी जॉन्स तांत्रिक साहाय्यकांत मोडतात. गीताच्या कर्तृत्वाची नोंद शब्द आणि चाल ह्यांच्या आधारे होते. नादाच्या जातीला तीत स्वतंत्र स्थान नाही. पण कलाव्यवहाराने हे स्थान केव्हाच मान्य केले आहे. बीस्टी बॉइज ह्या अमेरिकन रॅप-वृंदाने १९८६ साली आपल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच गीतास बॉनम यांच्या ह्या ठेक्याचे मूळ मुद्रण आधार म्हणून वापरले; एनिग्मा ह्या प्रकल्पाच्या ‘रिटर्न टु इनोसन्स’ ह्या गीतातही तोच ठेका आहे. त्यांनी मूळ चाल घेतली नाही, शब्दही घेतले नाहीत. ठेका पुन्हा वाजवून घेणे तर कोणत्याही कुशल वादकास शक्य होते. घेतला गेला तो नाद, त्या जिन्यासकट.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून अभ्यासपद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. ध्वनिमुद्रिका ही वादनाची केवळ नोंद आहे असे समजून तिच्यातून स्वरलेखन काढणे आणि त्याचेच विश्लेषण करणे अपुरे आहे. बॉनम यांचा ठेका लिहून काढल्यास तो कागदाची एक ओळही व्यापत नाही, आणि त्या ओळीत ह्या गीताचे महत्त्व सापडत नाही. अभ्यासकाने अशी कृती निदान तीनदा वेगवेगळ्या अवधानाने ऐकावी : एकदा ठोक्यांसाठी, एकदा ठोक्यांमधील अंतरासाठी, आणि एकदा ध्वनिमुद्रिकेच्या संपूर्ण बाजूतील तिच्या स्थानासाठी. वाद्य, वादक, वास्तू, अंतर आणि यंत्र ह्या पाचांचा वाटा प्रत्येक वेळी वेगळा काढता येईलच असे नाही. परंतु पाचही आहेत ह्याचे भान सुटता कामा नये.

हा विचार रॉक संगीतापुरता मर्यादित नाही. जुन्या मैफलींची व लोकवाद्यांची मुद्रणे आज नव्याने स्वच्छ करून प्रसिद्ध केली जातात. त्या वेळी पार्श्वभूमीतील घुमारा हा दोष समजून पुसून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. तो दोष आहे की कृतीचा अंश आहे, हे पुसण्यापूर्वी ठरले पाहिजे. हेडली ग्रेंजच्या दिवाणखान्यातील घुमारा पुसला असता तर एक साधा ठेका उरला असता, आणि त्या गीताविषयी विशेष काही लिहिण्याचे कारण राहिले नसते.